सोळाशेची जुनी वेळ

महाराष्ट्र पोलिसांच्या शिपाई भरतीत पुरुष उमेदवाराला सोळाशे मीटर आणि शंभर मीटर धावावं लागतं, महिलांना आठशे आणि शंभर. त्यात गोळाफेक धरली की मैदानी चाचणीचे ५० गुण होतात. या ५० गुणांसाठी बीड, सातारा, नांदेड, यवतमाळकडच्या गावांबाहेरचे डांबरी रस्ते पहाटे साडेचारलाच जागे होतात. कुणाचं सोळाशे किती मिनिटांत निघतं, यावर पोरांमध्ये त्याचा मान ठरतो. पुढे काही जण भरती होतात, बाकीच्यांचं वय निघून जातं आणि दोन्ही गटांचं धावणं साधारण एकाच सुमारास थांबतं. ग्राउंड झालं, आता कशाला पळायचं?

राज्यातल्या माजी धावपटूंचा सगळ्यात मोठा गट बहुधा हाच असावा. त्याच्या जोडीला शाळेत खो-खो खेळलेल्या मुली आहेत, जिल्हा पातळीवर चारशे मीटर पळून प्रमाणपत्र आणलेले शिक्षक आहेत, एनसीसीत घाम गाळून आता बँकेत खुर्ची उबवणारे साहेब आहेत. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर खो-खोपासून सुरुवात करून २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. तालुक्याच्या मैदानावर पळणाऱ्या इतर मुलींचं पळणं मात्र बहुधा लग्न ठरेपर्यंतच टिकतं.

मग चाळिशी येते. रक्ताच्या तपासणीत साखरेचा आकडा रेषेपलीकडे सरकतो, डॉक्टर 'रोज चालत जा' म्हणतात, ऑफिसातला कुणीतरी गळ्यात पदक घालून फोटो टाकतो आणि जुना गडी परत पळायचं ठरवतो. ठरवल्यावर पहिलं काम काय? जानेवारीतल्या एखाद्या हाफ मॅरेथॉनची नोंदणी. फी भरून झाली, टी-शर्टचं माप कळवून झालं, पळणं उद्यापासून.

घोळ होतो तो इथे. ज्यानं आयुष्यात कधी पळून पाहिलेलं नाही, तो बिचकत सुरुवात करतो आणि त्यामुळेच बऱ्याचदा निभावून नेतो. परतणाऱ्याला मात्र आपण कसे पळायचो ते पक्कं आठवत असतं. पहिल्याच आठवड्यात तो त्या आठवणीच्या वेगानं पळू पाहतो. सोळाशेची ती पाच-साडेपाच मिनिटं त्याच्या डोक्यातून गेलेली नसतात. पोटरी, टाच आणि गुडघा यांच्या लेखी मात्र ती वेळ केव्हाच रद्द झालेली असते.

शरीर किती विसरतं आणि किती परत मिळवतं, याचा एक विलक्षण दाखला अमेरिकेतल्या डॅलस शहरात आहे. १९६६ साली तिथल्या संशोधकांनी विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावलं. उठायचं नाही, चालायचं नाही. तीन आठवड्यांनी मोजलं तेव्हा त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे धावणारे ज्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात ती, चौथ्या हिश्शाहून जास्त घसरली होती. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रोग्याला आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवायचे ते दिवस. ती पद्धत बदलण्यात या प्रयोगाचाही हात होता.

खरी गंमत पुढे आहे. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना पुन्हा बोलावण्यात आलं. आता ते पन्नाशीचे होते, वजनं वाढली होती, अंगातल्या चरबीचं प्रमाण सरासरीनं दुप्पट झालं होतं. त्यांची क्षमता मोजली तर ती घटलेली होतीच; पण तीस वर्षांच्या वयानं जेवढं नुकसान केलं नव्हतं, तेवढं १९६६ मधल्या तीन आठवड्यांच्या अंथरुणानं केलं होतं! मग या पाच जणांना सहा महिने हळूहळू वाढत जाणारा व्यायाम दिला गेला: चालणं, सावकाश पळणं, सायकल. सहा महिन्यांनी ते विशीत प्रयोगाला सुरुवात करताना जिथे होते, तिथे परत पोचले.

वर्तमानपत्रांना आवडणारी बातमी इथेच संपते, पण अहवालात आणखी एक ओळ आहे आणि परतणाऱ्यानं खरं तर तीच वाचायला हवी. १९६६ मध्ये अंथरुणातून उठल्यावर या तरुणांकडून कसून सराव करून घेतला होता आणि त्यांची क्षमता आधीपेक्षाही वर गेली होती. ते शिखर पन्नाशीत पाचांपैकी एकालाही गाठता आलं नाही. म्हणजे विशीतल्या सर्वसाधारण तब्येतीपर्यंत परत जाता येतं. विशीतल्या सर्वोत्तम वेळेचा नाद सोडावा लागतो. सौदा वाईट नाही, पण त्यावर सही करायला बहुतेकांचं मन धजत नाही.

सराव सुटल्यावर घसरण किती वेगानं होते, तेही मोजून झालेलं आहे. १९८४ साली अमेरिकेत कसलेल्या सात जणांचा सराव थांबवून केलेल्या अभ्यासात पहिल्या तीन आठवड्यांत क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी आणि आठ आठवड्यांत १६ टक्क्यांनी उतरली; पुढे महिनाभर ती तिथेच टिकली. पहिली घट मुख्यतः रक्तातला द्रवभाग कमी झाल्यामुळे होते. आपल्याकडे या गोष्टीला वेगळं महत्त्व आहे. शर्यती जानेवारीत, त्यामुळे परतणाऱ्यांचा सराव सुरू होतो नेमका ऑक्टोबरच्या उकाड्यात. रक्तातलं पाणी घटलेलं शरीर उष्णता नीट बाहेर टाकू शकत नाही. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत घाम नुसता निथळतो, वाळत नाही. दोन किलोमीटरवर जीभ बाहेर आली की माणूस स्वतःच्या वयाला शिव्या देतो. त्यातला निम्मा दोष महिन्याचा असतो.

आता मुद्द्याचं. सराव पुन्हा सुरू केला की रक्ताचं प्रमाण, हृदय आणि दम हे सगळं काही आठवड्यांतच सुधारू लागतं. स्नायूही बऱ्यापैकी लवकर साथ देतात. मागे राहतात ते स्नायुबंध आणि हाडं. टाचेमागचा जाड स्नायुबंध नव्या ताणाला सरावायला कित्येक महिने घेतो. हाडाचा एखादा भाग झिजून तिथे नवं हाड भरून यायलाही तीन-चार महिने लागतात. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो आणि पावलं पडतात मिनिटाला १६० ते १८०. सत्तर किलोचा गडी आता ब्याऐंशी किलोचा झाला असेल, तर हा हिशेब त्यानं स्वतःच करून पाहावा. सहाव्या-सातव्या आठवड्यात दम आलेला असतो, पाय हलके वाटत असतात, 'जमलं की रे!' असं वाटू लागतं. नडगीचं दुखणं सुरू होतं ते साधारण याच सुमारास.

यावर मैदानावर ऐकू येणारा ठरलेला तोडगा म्हणजे दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त अंतर वाढवू नका. नियम सोपा आहे, पण त्याच्यावर फार विसंबू नये. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनमध्ये नवख्या धावपटूंचे दोन गट करून २००८ साली हे तपासलं गेलं. एक गट तेरा आठवड्यांत हळूहळू वाढवत नेला, दुसरा नेहमीच्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमानं. दोन्हीकडे दर पाचांमागे साधारण एक जण जायबंदी झाला. २०२५ मध्ये पाच हजारांहून अधिक धावपटूंची नोंद तपासणारा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकाच दिवशी मारलेली लांब मजल घातक दिसली: गेल्या तीस दिवसांतल्या सर्वात लांब धावेपेक्षा एखाद्या दिवशी दहा टक्क्यांहून जास्त पळालं की दुखापतीचा धोका वाढतो. आठवडाभर ऑफिस आणि रविवारी ग्रुपबरोबर एकदम बारा किलोमीटर, हा आपल्या शहरांमधला लाडका प्रकार नेमका याच सापळ्यात बसतो.

म्हणून परतणाऱ्यानं नवशिक्याचाच कार्यक्रम घ्यावा. काऊच टू फाइव्ह-के हा जगभर वापरला जाणारा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम १९९६ साली जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकी तरुणानं तयार केला. त्यातला पहिला आठवडा असा: साठ सेकंद पळायचं, नव्वद सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा. एकेकाळी सोळाशेत पहिला आलेल्या माणसाला हा शुद्ध अपमान वाटतो. त्यातून गावचा रस्ता असेल तर विचारायलाच नको. चालताना दिसलो तर 'काय पैलवान, दमलात?' असं दूधवाला विचारणार. तरीही चालावं. दूधवाल्याला उत्तर देणं फिजिओथेरपिस्टची फी देण्यापेक्षा स्वस्त पडतं.

अविनाश साबळेकडे पाहा. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा हा जवान. लष्करात सियाचीनसारख्या ठिकाणी नोकरी करून मग तो शर्यतींकडे वळला आणि ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकून आला. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत तो पाण्याच्या उडीपाशी पडला, गुडघ्यातला अस्थिबंध फाटला, शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा त्याच्या हातून गेली. ज्याचं पोट, नोकरी आणि नाव धावण्यावर उभं आहे, तो माणूस डॉक्टर सांगतील तेवढे महिने थांबतो. इकडे आपला हौशी गडी टाच ठणकत असताना रविवारी शर्यतीला उभा राहतो. कारण काय, तर फी भरलेली आहे.

ज्यांनी खरोखर लांबचा खंड पाडून मोठी मजल मारली, त्यांच्याकडे घाई दिसत नाही. एड व्हिटलॉक इंग्लंडमध्ये जन्मले, तरुणपणी चांगले पळायचे, इंजिनिअर होऊन कॅनडाला गेले आणि धावणं सुटलं. चाळिशीत परत सुरू झालं. पुढे २००३ साली, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांनी तीन तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण केली. सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही तोवर हे साधलं नव्हतं. पुढच्या वर्षी वेळ आणखी कमी, दोन तास ५४ मिनिटं ४८ सेकंद. २०१६ मध्ये ८५ व्या वर्षीही त्यांनी चार तासांच्या आत मॅरेथॉन केली. सराव कुठे, तर घराजवळच्या दफनभूमीत, छोट्या पावलांनी, संथपणे, तासन्‌तास चकरा मारत. गुडघ्यानं कुरकुर केली की ते महिनोन्‌महिने थांबायचे आणि पुन्हा खालपासून चढायचे.

फौजा सिंग यांचं तर सगळ्या देशाला ठाऊक आहे. मात्र तेही परतलेलेच धावपटू होते, हे कमी जणांच्या लक्षात असतं. जालंधरजवळच्या ब्यास पिंडमधले हे शेतकरी तरुणपणी हौसेनं पळायचे आणि फाळणीच्या सुमारास पळणं सोडून बसले. पत्नी गेली, मग मुलगा गेला; त्यानंतर इंग्लंडमध्ये ऐंशी पार झाल्यावर त्यांनी पुन्हा बूट चढवले. २००० साली, ८९ व्या वर्षी, लंडन मॅरेथॉन पूर्ण केली. २०११ मध्ये टोरोंटोत शंभराव्या वर्षी आणखी एक. जन्माचा दाखला नव्हता म्हणून गिनीजनं विक्रम मानला नाही, ती गोष्ट वेगळी.

अशी माणसं अपवाद असतात, मान्य. त्यांच्या नावानं चाळिशीतल्या सगळ्यांना एकवीस किलोमीटर पळायला हाकलणं मूर्खपणाचं आहे. हृदयाची भीती मात्र आहे त्याहून मोठी करून सांगितली जाते. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात हाफ आणि पूर्ण मॅरेथॉन धावलेल्या सुमारे एक कोटी नऊ लाख जणांपैकी ५९ जणांचं हृदय बंद पडलं, म्हणजे साधारण १ लाख ८४ हजारांत एक. म्हणून तपासणी टाळावी असं मुळीच नाही. मधुमेह, रक्तदाब, सिगारेट किंवा घरात कमी वयात हृदयविकार असलेल्यानं आधी डॉक्टरकडे जावं, आणि पळताना छाती आवळली किंवा भोवळ आली तर त्याच जागी थांबावं, वेळ गेली खड्ड्यात.

आणि 'गुडघे जातील' हे घरोघरचं वाक्य? २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात हौशी धावपटूंपैकी ३.५ टक्क्यांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात आढळला, बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्क्यांना. अर्थात ज्यांचे गुडघे चांगले तेच पळत राहतात, हाही त्यातला एक भाग असणार. तरी सासूबाईंना ऐकवायला आकडा बरा आहे.

सासूबाईंचा विषय निघालाच आहे तर घड्याळाबद्दलही बोलायला हवं. लॅन्सेट ग्लोबल हेल्थनं २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुष सुमारे ४२ टक्के, बायका ५७. ही तफावत आळसानं आलेली नाही. पहाटे साडेपाच ही पळणाऱ्यांची वेळ आणि हीच दुधाची, डब्याची, शाळेच्या रिक्षाची वेळ. नवरा परत पळायला लागला की घरात कौतुक होतं. त्याचा तो तास कुणीतरी ओट्यापाशी उभं राहून भरून काढत असतं. ती परत पळायला निघाली तर तिचा तास कोण भरणार? बाळंतपणानंतर परतणाऱ्या बाईची अडचण दुहेरी असते. ब्रिटिश फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये बनवलेल्या सूचनांत प्रसूतीनंतर किमान तीन महिने धावणं सुरू करू नये, तीन ते सहा महिन्यांत तपासून मगच करावं, असं म्हटलं आहे. आपल्याकडे तिला कुणी पळायला सांगत नाही आणि ओटीपोटाच्या स्नायूंबद्दल कुणी विचारतही नाही.

दुसरी अडचण जागेची. फौजा सिंग गेले ते हृदय थकून नव्हे. जुलै २०२५ मध्ये, ११४ व्या वर्षी, ते आपल्या गावाजवळच्या रस्त्यावर चालत असताना गाडीनं त्यांना उडवलं. पुण्यात वेताळ टेकडी आणि तळजाई आहेत, मुंबईत मरीन ड्राइव्ह आहे, कोल्हापूरला रंकाळा आहे. पण इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीतल्या किंवा तालुक्याच्या गावातल्या माणसानं जायचं कुठे? भरतीची पोरं अंधारात ट्रकांच्या कडेनं पळतात, कारण त्यांना पर्याय नाही. चाळिशीतल्या माणसाला पर्याय असतो: घरी बसणं. आणि त्याच गावात शाळेचं, महाविद्यालयाचं मैदान कुलूप लावून रिकामं पडलेलं असतं.

तिसरी गोष्ट आयोजकांच्या हातातली आहे. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि धावणं ही मध्यमवर्गाची हौस झाली, हे श्रेय तिचंच. पण तिथली सहाएक किलोमीटरची ड्रीम रन वेळ न मोजता होते, आणि अनेक शर्यतींमध्ये पाच किलोमीटर म्हणजे 'फन रन', झेंडे आणि वेशभूषा. घड्याळ लागतं दहापासून पुढे. परतणाऱ्याला आपली वेळ तर हवी असते. मग तो दहा सोडून एकवीसकडे झेप घेतो. ऑक्टोबर २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये दुखापतीमुळे घरी बसलेल्या पॉल सिंटन-हेविट यांनी तेरा जणांना घेऊन पाच किलोमीटरची मोफत, वेळ मोजणारी धाव सुरू केली. आज ती पार्करन नावानं कित्येक देशांत दर आठवड्याला होते. सगळ्यांच्या मागे एक स्वयंसेवक चालत येतो, म्हणजे भाग घेणारा कुणीच शेवटचा ठरत नाही. यासाठी लागतं काय? मैदान, घड्याळ आणि चार मदतीची माणसं. हे सांगली-जळगावात जमणार नाही असं मानायला काही कारण दिसत नाही.

तेव्हा शिक्षणसंस्थांच्या चालकांनी मैदानांची फाटकं रोज पहाटे पाच ते सात उघडी ठेवावीत आणि नगरपालिकांनी तिथे दोन दिवे व एक रखवालदार द्यावा. आयोजकांनी येत्या मोसमात पाच किलोमीटरला घड्याळ लावावं आणि वयोगटानुसार निकाल जाहीर करावेत. आणि ज्यांनी वर्षानुवर्षं पाऊल न उचलता जानेवारीच्या एकवीस किलोमीटरची फी भरून टाकली आहे, त्यांनी आयोजकांना लिहून अंतर कमी करून मागावं. नाही म्हणाले तर फी बुडू द्यावी.